आहारातल्या तेलामुळे उंदरांचा मेंदू खरंच बदलतो का?

हो. मेंदूच्या कोरड्या वजनाचा जवळपास निम्मा भाग मेदच असतो. त्यातलं डीएचए हे ओमेगा-3 प्रकारचं मेदाम्ल (मेदाचा घटक), किंवा त्याचा कच्चा माल, खाण्यातूनच यावा लागतो. उंदरांना एकदोन पिढ्या मेदासाठी फक्त करडईचं तेल दिलं (त्यात ओमेगा-3 जवळपास नसतंच) की पिल्लांच्या मेंदूतलं डीएचए घटतं. गंमत म्हणजे जागा रिकामी राहत नाही. डीपीए नावाचं ओमेगा-6 प्रकारचं मेदाम्ल तिथे येऊन बसतं. पण कामाला ते कमीच पडतं. असे उंदीर पोहत वाट शोधण्याच्या चाचणीत मागे राहतात.

हा परिणाम जनुकांपर्यंतही पोहोचतो. डीएचए पेशीकेंद्रकातल्या आरएक्सआर या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि काही जनुकांचं काम कमीजास्त करतं. मासळीचं तेल दिलेल्या उंदरांत चेतासंधी (चेतापेशींमधले जोड) आणि ऊर्जानिर्मितीशी संबंधित जनुकं वेगळ्या प्रमाणात सक्रिय दिसली आहेत.