बटण दाबलं तरी आकडा पोचत का नाही?

प्रश्न : ऑफिसातली जुनी लाइन काढून इंटरनेटवरचा फोन घेतलाय. आवाज मस्त येतो, पण बँकेला फोन लावला की 'खाते क्रमांक दाबा' म्हणतात आणि मी दाबलेला आकडा कधी जातच नाही, कधी ५ चा ५५ होतो. मोबाइलवरून सगळं नीट. फोन बदलून घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, फोन बदलू नका, ही बहुतेक सेटिंगची भानगड आहे.

बटण दाबल्यावर जो 'पीं' येतो ना, ते खरं तर दोन सूर एकदम वाजत असतात. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ, १ दाबलं की ६९७ आणि १२०९. अमेरिकेत बेल कंपनीने १९६३ मध्ये हे आणलं आणि तारेवर ते छान चाललं. इंटरनेटवर मात्र आवाजाचे तुकडे करून पॅकेटं जातात, वर जागा वाचवायला तो आवळतात पण. जी.७२९ नावाचा कोडेक, म्हणजे आवाज आवळायची पद्धत, सेकंदाला ६४ किलोबिटचा आवाज ८ वर आणतो, पण तो बनवलाय माणसाच्या बोलण्यासाठी, त्यामुळे तुमचं बोलणं कळतं आणि ते दोन सूर मात्र वेडेवाकडे होतात, पलीकडच्या मशीनला ओळखूच येत नाहीत. मधलं पॅकेट हरवलं तर सूर तुटतो आणि मशीनला वाटतं बटण दोनदा दाबलं.

यावरचा तोडगा मला मनापासून आवडतो. सूर पाठवायचाच नाही, '५ दाबलं' एवढा निरोप पाठवायचा! २००० साली आरएफसी २८३३ या इंटरनेटच्या नियमपत्रात हे ठरलं, २००६ मध्ये त्याच्या जागी ४७३३ आला. निरोप फक्त ४ बाइटचा, कुठलं बटण, सूर किती मोठ्याने, किती वेळ आणि सुटलं का. बटण दाबून धरलंय तोवर निरोप जात राहतात आणि प्रत्येकात सुरुवातीपासूनचा वेळ असतो, म्हणजे मधला एखादा गळाला तरी अडत नाही. बटण सुटल्याचा शेवटचा निरोप तर तीनदा पाठवतात.

तर फोनच्या सेटिंगमध्ये डीटीएमएफ मोड, म्हणजे बटणांचे सूर कसे पाठवायचे ते, बघा. 'इनबँड' (सूर आवाजातूनच पाठवणं) असेल तर 'आरएफसी २८३३' करा, बऱ्याच फोनवर अजून हेच जुनं नाव दिसतं, आणि सर्व्हिसवाल्यालाही तेच ठेवायला सांगा. दोन्ही चालू राहिले तर सूरही पोचतो आणि निरोपही, तुमचा ५५ बहुतेक तिथूनच येतोय.

आणि हो, हे निरोप उघडे जातात, वाटेत कुणी पॅकेटं पकडली तर आकडे सरळ वाचता येतात. फोनवर पिन दाबत असाल तर एसआरटीपी, म्हणजे पॅकेटं कुलूपबंद करून पाठवायची सोय, चालू आहे का ते आजच विचारा.