कॅन्सरचं ऑपरेशन आणि कोविड चाचणी : साथीच्या काळातले वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईच्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन सोमवारी नाशिकला आहे. तिला ताप नाही, खोकला नाही, लशीचे दोन्ही डोस झालेत. तरी स्वॅब मागितलाय. गरज आहे का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : साथीच्या काळात होती, आता लक्षणं नसतील तर सरसकट मागत नाहीत. लक्षणं नसतानाही नाकाघशात विषाणू असू शकतो, आणि लशीमुळे आजार सौम्य झाला तरी संसर्ग टळतोच असं नाही. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांची पाहणी आली. ऑपरेशनच्या आधीच्या ७ किंवा नंतरच्या ३० दिवसांत त्यांना कोविड झाला होता. निम्म्यांना फुप्फुसाचा त्रास झाला आणि ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले. त्यातली बरीच ऑपरेशनं तातडीची होती आणि तेव्हा लस नव्हती, त्यामुळे हा आकडा आईला जसाच्या तसा लागू नाही. कारण मात्र तेच. भुलीनंतर दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकून कफ काढत नाही. त्यात विषाणू असला की न्यूमोनिया पटकन धरतो.

आरटीपीसीआर म्हणजे विषाणू शोधणाऱ्या चाचणीचा स्वॅब तेव्हा ऑपरेशनच्या आधीच्या ७२ तासांत लागायचा. आताही मागितला असेल तर शनिवारी सकाळी दिलेला उत्तम, फक्त रविवारी लॅब रिपोर्ट देते ना, ते आधी विचारा. रक्ततपासण्या, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), जन आरोग्य योजनेची मंजुरी हे सगळं आधी उरकून घ्या. मंजुरी लांबली तर रिपोर्ट शिळा होतो आणि परत स्वॅब द्यावा लागतो.

निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे हमी नव्हे. लक्षणं सुरू होतात त्या दिवशीसुद्धा ही चाचणी शंभरातले साधारण ३८ बाधित चुकवते, तीन दिवसांनी २०. त्याआधी तर आणखी जास्त. म्हणून स्वॅब दिल्यापासून टेबलावर जाईपर्यंतचे दिवस सगळ्यांत नाजूक. आईला वेगळ्या खोलीत ठेवा. लासलगावच्या बाजार समितीत रोज जा-ये करणाऱ्याने त्या खोलीत जाऊ नये. लग्न नको, रामकुंडावरचा दशक्रिया विधीही नको. नाशिकला शेअर जीपने नेऊ नका. सोबत एकच माणूस ठेवा, त्याचीही चाचणी करा आणि मध्येच माणूस बदलू नका. सोमवारी सकाळी घसा खवखवला तरी भूलतज्ज्ञांना सांगा. तारीख जाईल या भीतीने लपवू नका.

प्रश्न : वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. स्वॅब पॉझिटिव्ह आला आणि ऑपरेशन पुढे ढकललं. किती थांबायचं?
– सिन्नर

उत्तर : साथीत, २०२१ साली, जमेल तिथे ७ आठवडे थांबायचा सल्ला होता; आता रुग्ण आणि आजार बघून डॉक्टर ठरवतात. ११६ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार रुग्णांच्या अभ्यासात संसर्गानंतर २ आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांचा मृत्युदर ४.१ टक्के होता. ५-६ आठवड्यांनीही तो ३.६ होता. ७ आठवडे उलटल्यावर १.५ झाला, म्हणजे कोविड न झालेल्यांइतकाच. तोवर दम लागणं, खोकला राहिला असेल तर आणखी थांबलेलं बरं.

पण गाठ थांबेलच असं नाही. पोट फुगलं, शौच आणि वायू दोन्ही बंद झाले, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडलंय. अशा वेळी आठवडे मोजू नका, थेट इस्पितळ गाठा. तिथे कोविडची खबरदारी घेऊन ऑपरेशन करतात. एरवी गाठ किती पसरलीय ते बघून सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ मिळून तारीख ठरवतात. ‘बरे झाल्यावर बोलवतो’ यावर समाधान मानू नका, फेरतपासणीचा दिवस लिहून घ्या. स्वॅब निगेटिव्ह येण्याची वाट बघत दर चार दिवसांनी चाचणी करू नका. विषाणूचे मृत अवशेष कित्येक आठवडे सापडत राहतात. या काळात तंबाखू पूर्ण बंद, आणि स्पायरोमीटरवर (श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन प्लास्टिकचे गोळे असलेलं साधन) जागेपणी दर तासाला दहा श्वास.

प्रश्न : भावाला गालाचा कॅन्सर आहे, तोंड बोटभरच उघडतं. स्वॅब कसा देणार? एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) चालेल का?
– नाशिक रोड

उत्तर : स्वॅब नाकातून घेता येतो, तोंड उघडावं लागत नाही. घशातून घेताना जखमेला काडी लागली तर रक्त येतं, म्हणून तोंडाचं दुखणं टेक्निशियनला आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही. एचआरसीटी हा पर्याय नाही, कारण लक्षणं नसलेल्या बाधिताची छाती स्कॅनमध्ये स्वच्छ दिसू शकते.