मुलाला ताप आणि तळहातावर फोड: कांजिण्या, गोवर की दुसरंच काही?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सव्वातीन वर्षांचा, परवा ताप आला, आज तळहात-तळपायाला बारीक फोड, तोंडात लाल चट्टे, काही खाईना, अंगणवाडीतल्या अजून दोघांना असंच झालंय, आणि सासूबाई म्हणतायत कांजिण्या आहेत, आंघोळ घालू नको, औषध देऊ नको. मी इथं कोल्हापुरातच लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे, पावसाळा लागला की अशी पोरं रोज बघते म्हणून सविस्तर लिहिते. निदान मात्र डॉक्टरांनी पोराला बघूनच करायचं.

मला हे हँड फूट माऊथ वाटतंय. कॉक्सॅकी नावाच्या व्हायरसनं होतं, ५ वर्षांखालच्या पोरांना जास्त, आणि अंगणवाडीत एकाला झालं की लगेच पसरतं. आधी एखाद-दोन दिवस ताप, मग तोंडात फोड आणि हातापायाला पुरळ, पुष्कळदा कुल्ल्यावर आणि गुडघ्यावर पण. याचं वेगळं अँटिबायोटिक वगैरे काही नसतं, ७ ते १० दिवसांत आपोआप जातं, पण मधले तीन-चार दिवस तोंडामुळं पोराचे हाल होतात. लाळ गळत असते, भूक लागलेली असते म्हणून बाटली किंवा वाटी तोंडाला लावतं आणि झोंबलं की लगेच ढकलून रडायला लागतं. आयांना वाटतं हट्ट करतंय, पण टॉर्च मारून बघा, जिभेच्या कडेला आणि टाळूला फोड दिसतील.

कांजिण्या वेगळ्या. त्या छाती-पोट-पाठ आणि चेहऱ्यावर सुरू होतात, पाण्यानं भरलेले फोड, खाज भयंकर, आणि एकाच वेळी नवीन लाल पुरळ, भरलेला फोड, सुकलेली खपली असं सगळं अंगावर असतं. तळहात-तळपाय बहुतेक मोकळेच राहतात. गोवरात आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहतं नाक, लालभडक डोळे, आणि मग पुरळ कानामागनं, कपाळावरनं सुरू होऊन खाली उतरत जातं. म्हणून आधी काय झालं आणि पुरळ कुठनं सुरू झालं हे नीट आठवून डॉक्टरांना सांगा, निम्मं काम तिथंच होतं. गोवराची शंका असली तर लसीचं कार्ड न्या, ९ महिन्यांनंतर एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा असे एमआरचे (गोवर-रुबेला लसीचे) दोन डोस झालेले पाहिजेत. गोवरात व्हिटॅमिन ए पण देतात, तो डोस डॉक्टरच ठरवतात.

सासूबाईंना माझ्या वतीनं सांगा, पूर्वीच्या देवी (स्मॉलपॉक्स) आपल्या देशातनं १९७० च्या दशकातच गेल्या, त्या आता येत नाहीत. कडुलिंबाचा पाला उशाला ठेवला तर ठेवू दे, त्यानं काही बिघडत नाही. पण पोराला उपाशी ठेवणं, खिडक्या लावून घोंगडीत गुंडाळणं आणि औषध बंद करणं हे मात्र करू देऊ नका, कांजिण्या असल्या तरीसुद्धा नाही. कोमट पाण्यानं आंघोळ घाला, नखं कापा, सुती सैल कपडे घाला.

खायला थंड आणि मऊ द्या, गार दूध, शहाळ्याचं पाणी, मऊ भात, आईस्क्रीम दिलं तरी चालतंय. घरात तांबडा रस्सा झाला तरी त्याच्या ताटात नको, लिंबू-संत्री पण नको, झोंबतं.

तापाला फक्त पॅरासिटॅमॉल, वजनावर, एका वेळी एका किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान ४ ते ६ तास अंतर, दिवसात ४ डोसांच्या वर नको. बाटली नीट वाचा, ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०, घरात दोन-तीन बाटल्या असल्या की इथंच घोळ होतो. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, आणि आपल्याकडं आता डेंगीचे दिवस आहेत, त्यामुळं आयबुप्रोफेनवालं सिरप स्वतःच्या मनानं देऊ नका.

उद्या सकाळी नेलं तरी चालेल, पण ७-८ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यात पाणी येईना, सारखं झोपाळतंय, झोपेत दचकून झटके येतायत, धाप लागतीय, पोट जोरात दुखून सारख्या उलट्या होतायत, किंवा ताप उतरला तरी हातपाय गार पडून पोरगं मलूल झालंय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. काचेचा पेला पुरळावर दाबून बघा, दाबल्यावर लाल डाग फिका पडला नाही तर तेही लगेच दाखवायचं.

अंगणवाडीत ताप गेल्यावर आणि फोड सुकल्यावरच पाठवा, आणि बाईंना आत्ताच कळवा म्हणजे त्या बाकीच्या आयांना सांगतील. शी धुतल्यावर घरातल्या सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, फोड गेल्यावरही काही आठवडे, कारण व्हायरस शीतनं येत राहतो. महिना-दीड महिन्यानं एखाद-दुसरं नख निघून आलं तर घाबरू नका, यात ते होतं, खालनं नवीन येतं.