टकटक ऐकू आली की हात मागे घ्या

प्रश्न : माझ्या दोन टेराबाइटच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर मुलीचे जन्मापासूनचे फोटो-व्हिडिओ आणि माझ्या प्रबंधाचा सगळा मजकूर आहे. दुसरी प्रत नाही. गेल्या आठवड्यात फोल्डर उघडायला पाच-सहा मिनिटं लागायला लागली. परवा आतून टक्-टक् आवाज आला आणि डिस्क दिसेनाशी झाली. पुन्हा जोडली की विंडोज विचारतं, 'त्रुटी शोधून दुरुस्त करू का?' हो म्हणू का? आणि नवा एसएसडी घेतला तर ही काळजी कायमची मिटेल का?

उत्तर : हो म्हणू नका. डिस्क काढून ठेवा आणि तिच्यावर 'जोडू नये' अशी चिठ्ठी चिकटवा, कारण घरातलं कुणीतरी 'बघू तरी' म्हणून हमखास जोडतं.

आतल्या चकत्या मिनिटाला हजारो फेरे मारत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. त्याला जागा सापडली नाही की ते मागे येतं, पुन्हा जातं. तुम्ही ऐकलेली टकटक बहुधा तीच. अशा वेळी हेड चकतीला घासण्याची भीती असते, आणि जो थर खरवडला जाईल त्यावरचे फोटो कुणालाही परत आणता येत नाहीत.

दुरुस्तीची आज्ञा फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही, नीट लावण्यासाठी असते, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नव्हे. हे मला फार उशिरा कळलं. २००९ साली माझी डिस्क अशीच अडखळायला लागली आणि मी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं हेच दुरुस्तीचं साधन, चालवलं. रात्रभर चाललं. सकाळी 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये शेकडो तुकडे पडले होते, नावं नाहीत, नुसते क्रमांक. वडिलांच्या आवाजाचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यात शोधत बसलो. एका तुकड्याचं नाव बदलून लावलं, तर साडेतीन सेकंद त्यांचा आवाज आला. बाकीचं आजतागायत मिळालेलं नाही.

तेव्हा तुमच्या डिस्कचं सांगायचं तर : आवाज येतो आहे म्हणून घरी काहीच करून बघू नका, थेट डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे द्या. धूळविरहित खोलीत डिस्क उघडण्याची सोय त्यांच्याकडे आहे का, हे आधी विचारा. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं. आवाज नसता, नुसती मंद असती, तर गोष्ट वेगळी होती. मग 'डीडीरेस्क्यू'सारख्या साधनाने सगळ्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. हे साधन जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं आणि हट्टी सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे वाचायला अवघड छोटे कप्पे, शेवटासाठी ठेवतं. त्यानंतर जी काही दुरुस्ती करायची ती इमेजच्या प्रतीवर.

एसएसडीबद्दल. त्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे धक्क्याचं भय कमी. पण त्याचा कंट्रोलर, म्हणजे सगळा कारभार बघणारी चिप, गेला तर तो टकटक न करता एका क्षणात गप्प होतो. पुसलेली फाइलही सहसा परत मिळत नाही, कारण ट्रिम ही सोय रिकाम्या झालेल्या जागा मागच्या मागे साफ करते. शिवाय वर्षानुवर्षं वीज न देता ठेवला तर पेशींतला विद्युतभार गळत जातो. रोजच्या कामाला जरूर घ्या, कपाटात ठेवण्याच्या एकुलत्या प्रतीसाठी नको.

डिस्कची तब्येत सांगणारं 'स्मार्ट' अधूनमधून बघावं. 'रिअ‍ॅलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) किंवा 'पेंडिंग' (वाचता न आलेल्या, संशयित) सेक्टरचा आकडा शून्यावरून हलला की त्याच दिवशी प्रत काढावी. आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त मात्र राहू नये. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये 'स्मार्ट'च्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही आधी दिसला नव्हता.

म्हणून तीन प्रती ठेवा. एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर : क्लाउडमध्ये किंवा जवळच्या माणसाकडे. दुसरी डिस्क प्रत काढण्यापुरती जोडायची आणि लगेच काढायची. कायम जोडलेली राहिली तर खंडणी मागणारा व्हायरस तीही कुलूपबंद करतो. क्लाउडचं नुसतं सिंक म्हणजे बॅकअप समजू नका, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते पाहून घ्या.

प्रबंधाची प्रत रोज, फोटोंची महिन्याला. दर महिन्याला त्या प्रतीतला कुठलाही एक जुना व्हिडिओ दुसऱ्या संगणकावर पूर्ण लावून बघा. माझ्याकडे असे बॅकअप आले आहेत, जे चार-चार वर्षं नियमाने घेतले जात होते आणि उघडल्यावर फोल्डर रिकामे निघाले.

डिस्क आज-उद्या द्या, आणि रिकव्हरीवाल्याला फोल्डरांचा क्रम लिहून द्या : मुलीचे व्हिडिओ आधी, मग प्रबंध. काय हाती लागलं ते मला नक्की कळवा.