ट्रंकेतली जुनेरं बाहेर काढा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही धायरीला राहतो. मुलगी सातवीत जाईल, मुलगा तिसरीत. दरवर्षी मे महिन्यात कोकणात जातो, पण यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे कुठे जाणं नाही. मी घरून काम करते, दुपारचे दोनेक तास मोकळे मिळतात. मुलांसाठी क्राफ्टची तीन किट मागवली. पहिलं तासाभरात संपलं, दुसरं अर्धवट पडलंय, तिसरं उघडलंही नाही, आणि दोघंही मोबाइल मागतात. छंदवर्गाची दोघांची मिळून फी ऐकली आणि गप्प बसले. लग्नाआधी मी भरतकाम करायचे, आता घरात धड सुई सापडणार नाही. सासूबाई वाईच्या. त्यांची सुती लुगडी ट्रंकभर पडून आहेत, टाकू देत नाहीत. घरात राहून मुलांना महिनाभर हातकामात कसं रमवावं?
— एक आई, धायरी

उत्तर : ट्रंकभर सुती लुगडी आहेत, ती नेसलेल्या सासूबाई घरात आहेत आणि वर मे महिन्याचं ऊन आहे. गोधडी शिवायला आणखी काय लागतं? किट कपाटात ठेवून द्या. तासाभरात संपलं म्हणून मुलांना बोल लावू नका, त्यात करण्यासारखं तेवढंच होतं. आखून, कापून दिलेल्या तुकड्यांना डिंक लावायचा आणि झालेली वस्तू कुणाच्याच उपयोगाची नाही, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. घरात खरोखर वापरली जाणारी वस्तू करताना मूल वेगळंच बसतं. शाळेत शिवण आणि कार्यानुभव शिकवण्यात माझी नोकरी गेली. शोभेच्या फुलदाणीला कंटाळणारी मुलं दप्तराचा तुटलेला पट्टा शिवताना मधली सुट्टी विसरायची.

कुठलं लुगडं द्यायचं आणि कुठलं ठेवायचं, हे सासूबाईंनी ठरवायचं. ट्रंक त्यांच्यासमोर उघडा आणि त्या दिवशी दुसरं काही काढू नका. हे कुणाच्या बारशाला आलं, हे कुठल्या जत्रेत घेतलं, ते बोलणं निघेल, ते मुलांच्या कानावर पडू द्या. टाकून द्यायचं म्हटलं की जीव तुटतो; नातवाच्या गोधडीत जाणार म्हटलं की हात आपोआप सैल होतो. मग प्रत्येक लुगडं उजेडाकडे धरून हलकेच ताणून बघा. चर्र झालं तर ते विरलंय, ते आतल्या थराला. घट्ट राहिलं तर वरच्या. ज्यांचा रंग जातो ती वेगळी भिजवा, सगळी धुऊन गच्चीवर कडकडीत वाळवा.

मापाचा हिशेब मुलीकडे द्या. नऊवारी म्हणजे नऊ वार, म्हणजे २७ फूट. पन्हा साधारण पावणेचार फूट. पाच-पाच फुटांवर घड्या घातल्या तर एका लुगड्यात पाच थर निघतात आणि वर दोन फूट उरतात, ते ठिगळांना. पण पाच थरांतून सुई लोटणं लहान हाताला झेपत नाही. पहिल्या गोधडीला तीनच थर घ्या: खाली एक, वर एक, मध्ये विरलेलं. पुण्याच्या थंडीला तेवढं पुरतं. पाच फूट बाय पावणेचार फूट ही धाकट्याच्या अंगावर नीट येईल, तेव्हा ती त्याची, हे आधीच सांगून टाका. आपल्याच पांघरुणाचं काम सोडून उठायला मन होत नाही.

हॉलमधलं टीपॉय हलवा, फरशी पुसा, थर अंथरा. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या घालवा आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल, इस्त्री असं जे जड असेल ते ठेवा. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके. हा कच्चा टाका कंटाळवाणा असतो आणि सगळ्यांना तो टाळावासा वाटतो. टाळलात तर शेवटी मधोमध कापडाचा फुगा येतो आणि अर्धी गोधडी उसवावी लागते. त्यानंतर कडा आत दुमडून शिवायला लागा. आपल्याकडच्या बायका कडेनं फेर धरत आत आत येतात, दोन फेरांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून. तुमच्या घराला ही पद्धत सोयीची, कारण चार बाजूंना चार माणसं बसू शकतात. सासूबाईंना खाली बसवू नका. त्यांना खुर्चीवर बसवा, समोर स्टूल ठेवा आणि त्यांच्या बाजूची कड त्यावर घ्या. बाकीचे खाली.

आता धाकट्याचा टाका, कारण खरी अडचण तिथे येणार. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंततो. तो मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढला की सुळसुळीत होतो. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई लोटायची टोपी, हवं. मुलांना ते सैल होतं, म्हणून आत चिंधी कोंबा. मुलं काय करतात, सुई वरून खाली खुपसतात, कापड उलटं करतात आणि खालून वर काढतात. दोन टाक्यांत मान दुखते आणि सुई बोटात शिरते. त्याला सुई आडवी धरायला शिकवा. डाव्या हातानं कापड किंचित उचलून तीन टाके सुईवर एकदम घ्यायचे, मग अंगुस्तानानं लोटून दोरा ओढायचा. साधा धावदोराच आहे, पण हाताची ही लकब एकदा बसली की सुटत नाही. सासूबाईंचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा पडेल, त्याचा बोटभर. त्याचे टाके रात्री गुपचूप उसवून नीट करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मुलांना ते सकाळी लगेच कळतं आणि मग ती पुन्हा सुई हातात घेत नाहीत.

मुलीला फक्त शिवण पुरणार नाही, तिचं वय लिहिण्याचं आहे. तिला गोधडीचा नकाशा काढू द्या: कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा, ते कधी घेतलं, आजी काय म्हणाली. नकाशा चांगल्या कागदावर काढायचा असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद आणा. १९४० पासूनची ही संस्था. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो, हे लुगडी कापणाऱ्या मुलीला मुद्दाम सांगा.

आणि तुम्ही? तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य सुई सापडणार नाही हे आहे. मुलांना कामाला बसवून तुम्ही लॅपटॉपकडे वळलात तर दुसऱ्या दिवशी तीही उठतील. दुपारचे जे दोन तास मिळतात त्यातला पहिला तास गोधडीला द्या आणि दुसऱ्यात प्रत्येकानं आपापलं काही करायचं, एकाच खोलीत, एकमेकांना न शिकवता. तुमच्यासाठी उशीचा एक अभ्रा घ्या. साखळी टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका, बोटांना आठवेल. रेशीम, सुया, अंगुस्तान सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. सकाळी दुकानं उघडता उघडता बसनं जा, दुचाकी लावायला तिथे जागा नसते.

त्या निमित्तानं मुलांना घेऊन एक सकाळ पेठांत काढा. कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच कानावर येतो. कारागिराला विचारून उभं राहा आणि मठार, म्हणजे भांड्यावरचा ठोक्यांचा ठसा, कसा पडतो ते पाहू द्या: एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला खेटून. धाकट्याला धावदोरा सरळ का घालायचा हे सांगण्यापेक्षा तिथे पाच मिनिटं उभं केलेलं बरं. मग बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. सगळं बघायचा हट्ट धरू नका. दिवे आणि अडकित्ते पाहा, प्रत्येकानं आवडलेली एक वस्तू वहीत काढायची आणि घरी यायचं.

पत्रात मुलांच्या बाबांचा उल्लेख नाही. गोधडीची चौथी बाजू त्यांची. रोज नाही जमणार, रविवारी जमेल. मुलगा सुई धरायला लाजत असेल तर बाबांनी धरलेली पाहून धरेल.

शाळा उघडेपर्यंत गोधडी पुरी झाली नाही तर कच्च्या टाक्यांसकट घडी घालून ट्रंकेवर ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत पुढे चालू.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. मे महिन्यात आठ दिवसांची रजा घेतली आहे. मला लाकूडकामाची आवड आहे, बाल्कनीत करवत, रंधा, पटाशी असा सरंजाम आहे. वर्षभर त्याला हात लागत नाही. मुलगा पाचवीत आहे, काम सुरू केलं की बघायला येतो, पण मी शिकवायला लागलो की पाच मिनिटांत पळतो. पत्नी म्हणते, रजा घरच्यांसाठी असते, स्वतःच्या छंदासाठी नव्हे. दोन्ही कसं जमवू?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आधी तुमच्या पत्नीची बाजू. तुम्ही दिवसभर बाल्कनीत असलात आणि त्या स्वयंपाकघरात, तर ती रजा एकट्या तुमची झाली. सकाळचे दोन तास तुमचे ठरवा आणि संध्याकाळचे दोन तास त्यांचे. त्या वेळात चहा, जेवण, मुलगा सगळं तुमच्याकडे. त्यांना काय करायला आवडतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. विचारून घ्या.

छंद सोडा, असं मात्र मी कधीच सांगणार नाही. ज्या केळकर संग्रहालयाबद्दल वर लिहिलं, ते एका माणसाच्या छंदातून उभं राहिलं. दिनकर केळकर चष्म्याचं दुकान सांभाळून जुन्या वस्तू गोळा करत हिंडायचे, पण त्यात पत्नी कमलाबाईंचाही हात होता, आणि संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. १९७५ मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. तुमच्या घराजवळ कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, तेही छंदापायीच झालं आणि पुढे घरच्यांनी चालवलं. मुलाला घेऊन ते अवश्य बघा. तिथे सिग्नल पडताना आणि गाडी रूळ बदलताना पाहून त्याला तुमच्या बाल्कनीतल्या हत्यारांकडे पाहायची नवी नजर येईल.

मुलाला शिकवणं थांबवा. तो बघायला येतो हीच मोठी गोष्ट आहे. त्याला त्याचं वेगळं काम द्या, खरं, तुमच्या कामाला लागणारं. पॉलिश पेपर हे सगळ्यात चांगलं: आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०, आणि नेहमी रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं की काय होतं हे एका वाया तुकड्यावर त्याला स्वतःला कळू द्या. बोट फिरवून खरखर गेली का ते त्यानं ठरवायचं, तुम्ही नाही. करवत आणि पटाशी या रजेत नको. भोक पाडायला हाताचा ड्रिल चालेल, फळी शिकंज्यात आवळून.

काय करायचं ते पत्नीला ठरवू द्या. देवघरापुढचा चौरंग असेल, ओट्याखालचा डब्यांचा कप्पा असेल. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागाचे उरलेले तुकडे विचारून बघा, लहान कामाला अख्खी फळी लागत नाही. आणि ठोकाठोक सकाळीच उरका. दुपारी एक ते चार शेजारी पडलेले असतात, त्या वेळात घासकाम करा.

प्रश्न : ताई, मी ११ वर्षांचा आहे. माझी आजी क्रोशानं रुमाल आणि तोरणं करते. मला पण शिकायचं आहे. पण दादा आणि सोसायटीतली मुलं हसतात, हे मुलींचं काम आहे म्हणतात. मी काय करू?
— एक वाचक मित्र, बिबवेवाडी

उत्तर : बाळा, आजच शिकायला बस. येवल्याला पैठणी विणणाऱ्या मागावर कितीतरी घरांत पुरुषच बसतात आणि तांबट आळीत ठोके घालणाऱ्यांसारखंच ते हाताचं, डोक्याचं काम आहे. दादाला हे सांगून बघ, नाही पटलं तर सोडून दे आणि आपलं काम कर.

आजीची बारीक सुई आणि बारीक दोरा आत्ता घेऊ नकोस. ४ मिलिमीटरची सुई आणि जाड सुती दोरा माग, फिकट रंगाचा. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि नवशिक्याला मोजता येत नाहीत. पहिले काही दिवस फक्त साखळी घाल, लांबच लांब, सगळ्या कड्या सारख्या होईपर्यंत. मग खांब शिक. दोरा घट्ट ओढायची सवय लागू देऊ नकोस, सुई पुढच्या वेळी कडीत शिरत नाही.

रुमाल नंतर. तू पहिल्यांदा फुटबॉल ठेवायची जाळीची पिशवी कर. तळाला गोल, मग पाच-पाच साखळ्यांच्या कमानी एकावर एक चढवत जायचं आणि तोंडाशी ओढायची दोरी ओवायची. आजीला नुसतं जाळीची वीण म्हण, तिला लगेच कळेल. चेंडू आत घालून मधूनमधून माप घेत जा, सुती जाळी वजनानं लोंबते, तेव्हा चेंडूपेक्षा थोडी लहानच ठेव.