कासवं मार्चमध्ये, काजवे जूनच्या तोंडावर

प्रिय,

पाहुण्यांना कासवं आणि काजवे दाखवायच्या सहलीचा तुझा आराखडा वाचला. वेळास आणि भंडारदरा एकाच सहलीत बसवायचा विचार आधी सोडून दे. वेळासला कासवाची पिल्लं मुख्यतः फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत बाहेर येतात. भंडारदऱ्याला काजव्यांचा बहर मेच्या अखेरीस सुरू होतो आणि मोठा पाऊस लागला की ओसरतो. दोन गट कर, दोन वेळा जा.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, बाणकोट किल्ल्याजवळ. हरिहरेश्वरकडून येणार असशील तर बागमांडल्याहून वेश्वीला गाडीसकट फेरीबोटीनं उतरता येतं. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी विचार, नाहीतर मोठा वळसा पडतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, पुढे गावानंच ते उचललं. ऑलिव्ह रिडले मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते. कुत्री-कोल्हे ती उकरतात, म्हणून कासवमित्र, म्हणजे अंडी राखणारे गावकरी, ती काढून कुंपणाच्या आत मादीच्या घरट्यासारख्याच मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. वाळू तापली की लवकर, थंडी रेंगाळली की उशिरा. त्यामुळे नेमकी तारीख कुणीच देऊ शकत नाही. पाहुण्यांना हे पैसे घेण्याआधी सांग.

मुक्काम दोन रात्रींचा ठेव. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, म्हणजे चार संधी मिळतात. खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर कधी वाळू नुसती खचलेली दिसते, मग एक करडं डोकं वर येतं, पाठोपाठ दुसरं. पिल्लू दोन पावलं टाकतं, थबकतं, पुन्हा सरपटतं. कुणीतरी कळवळून उचलायला जाईल, त्याला थांबव. पिल्लू उजळलेल्या क्षितिजाकडे जातं. मागे मोबाइलचा दिवा लागला तर ते उलटं फिरतं. दोरीच्या मागे उभं राहायचं, एवढाच नियम पुरेसा आहे. राहायचं गावातल्या घरी. ताटात मासळी असेलच असं धरू नकोस. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांग.

भंडारदऱ्याचं गणित अगदी वेगळं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या या घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो-धो कोसळतं, पण काळ्या कातळावरून आणि उतारावरून पाणी वाहून जातं. तू जाशील तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतील. वीस जणांनी अंघोळीला पाणी मागितलं की घरच्या बाईला आणखी चार हंडे आणावे लागतात. म्हणून गट बाराचा ठेव, एक रात्रच राहा आणि माणशी एक बादली हे आधीच ठरव. जेवणाला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, पिठलं. महादेव कोळी घरांत हे रोजचंच अन्न आहे, त्याला ‘खास मेनू’ म्हणून विकू नकोस.

काजवे सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर जमतात. एका फांदीवर लुकलुक सुरू होते आणि बघता बघता झाडभर पसरते. ती लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण. गाडीचा हेडलाइट पडला की ती विझते आणि मिलन चुकतं. शिवाय अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात. झाडाखाली गर्दी फिरली की पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली जातात. खरा घोळ शनिवारी रात्री होतो, रस्ता गाड्यांनी भरतो. तू मधल्या वारी जा, अमावास्येच्या आसपास. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्याच्या नाक्यावर प्रवेशाच्या वेळा विचार, उजेड असतानाच मुक्कामी पोच, गाडी तिथेच ठेव आणि पुढे चालत जा. विजेरीला लाल जिलेटिन कागद दुहेरी बांध, तोंड जमिनीकडे ठेव, झाडावर कधीच मारू नकोस.

दिवसा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण दाखव. सांदण दरी मात्र पावसाची एक सर पडली तरी यादीतून काढ. त्या अरुंद घळीत पाणी वरून येतं आणि बाजूला सरायला जागा नसते.

काजव्यांसाठी दोन तारखा राखून ठेव, एक मेअखेरची, एक जूनच्या पहिल्या आठवड्याची. कोणती पक्की करायची ते गावातल्या यजमानाला चार दिवस आधी फोन करून ठरव.