वाचकांचे प्रश्न : कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर कवळी बसवायची का इम्प्लांट?

तोंडाच्या कॅन्सरवरचा मागचा लेख वाचून बऱ्याच जणांनी विचारलंय की ऑपरेशन झालं, शेक (म्हणजे रेडिएशन) झाला, आता दातांचं काय. प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले पाच घेतलेत. नावं टाकलेली नाहीत, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. गुटख्यामुळे डाव्या गालाला कॅन्सर झाला, ऑपरेशनात त्या बाजूचा खालचा जबडा काढला आणि छातीचं मांस लावलं. नंतर ३० वेळा शेक दिला, तो संपून चार महिने झाले. उजव्या बाजूला खाली पाच दात राहिलेत, त्यातले दोन हलूलालेत. इथले एक दातवाले म्हणूलालेत की सगळे काढून टाकू आणि आठवड्यात फिक्स दात बसवून देऊ. वडिलांचं एकच चाललंय, मला भाकरी खायचीय. काय करावं? (परळी)

दादा, आधी एक करा, त्या दाताला कोणाला हात लावू देऊ नका. काढायचेच नाहीत असं मी म्हणत नाहीये, पण शेकाचा कागद बघितल्याशिवाय नाही.

कारण सांगतो. ३० वेळा शेक म्हणजे बहुतेक ६० ग्रे डोस असणार, ग्रे हे शेक मोजायचं माप. एवढा शेक बसला की हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड वरून धडधाकट दिसतं पण त्याची भरून यायची ताकद गेलेली असते. मग दात उपटला की खड्डा भरतच नाही, महिनोन् महिने हाड उघडं राहतं, पू येतो, आणि कधीकधी उरलेला जबडासुद्धा मोडतो. खालच्या जबड्यात हे जास्त होतं कारण तिथे रक्तपुरवठा मुळातच वरच्यापेक्षा कमी. आणि लोकांना वाटतं वर्ष दोन वर्षं गेली की धोका संपला, तर तसं नाही, हा धोका जन्मभराचा आहे.

म्हणून जिथे शेक दिला तिथल्या डॉक्टरांना विचारा की उजव्या बाजूच्या खालच्या हाडाला किती ग्रे गेले. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर पूर्ण प्लॅन असतो, कुठल्या भागाला किती बसलाय ते दिसतं. कॅन्सर डावीकडे होता म्हणजे उजवीकडे कमी गेला असेल असं आपण घरबसल्या धरायचं नाही, मानेला दोन्हीकडून शेक दिलेला असू शकतो. डोस बराच निघाला तर न हलणाऱ्या दातांचं रूट कॅनाल करून, वरचा भाग हिरडीपर्यंत कापून मुळं आतच ठेवता येतात, त्याच्यावरून कवळी बसते. जे दोन हलतायत ते काढावेच लागले तर कॅन्सर हॉस्पिटलच्या सल्ल्याने, जबड्याच्या सर्जनकडून, हाडाला शक्य तितका कमी धक्का लावून, अँटिबायोटिक चालू ठेवून. काही डॉक्टर आधी पेंटॉक्सिफिलिन नावाचं रक्तप्रवाह सुधारायचं औषध आणि व्हिटॅमिन ई पण देतात. हाड भरून यावं म्हणून कोणी ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये वीस तीस वेळा बसायला सांगितलं तर पैसे भरायच्या आधी हे माहीत असू द्या, ब्रिटनमध्ये होपॉन नावाचा अभ्यास झाला, २०१९ ला निकाल आला, शेक बसलेल्या खालच्या जबड्यात दात काढणाऱ्या किंवा इम्प्लांट बसवणाऱ्यांत चेंबरमध्ये बसलेल्यांना हाडाचा त्रास ६.४ टक्के आणि न बसलेल्यांना ५.७ टक्के, म्हणजे फायदा काहीच दिसला नाही. त्यातून हेही कळतं की नीट काळजी घेऊन केलं तर बहुतेकांचं भरून येतं, उगाच घाबरून सडका दात तसाच ठेवायचं पण काम नाही.

आता इम्प्लांट. कॅन्सर पेशंटला इम्प्लांट होतच नाही असं नाही, पण आठवड्यात फिक्स दात ही जाहिरात वडिलांसाठी नाहीच. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, त्याला हाड लागतं, आणि डावीकडे त्यांना हाडच नाही, छातीचं मांस लावलंय, त्यात स्क्रू धरणार कशाला? ज्यांना पायाचं हाड काढून जबडा करून दिलाय त्यांना त्या हाडात इम्प्लांट बसू शकतो. उजवीकडे हाड आहे पण शेक बसलेला. बरेच सर्जन शेक संपल्यावर सहा महिने ते वर्षभर थांबतात, त्यानंतरही स्क्रू बसवून लगेच दात चढवत नाहीत, हाडाने धरायला काही महिने देतात. शिवाय कॅन्सर उलटायचा असेल तर जास्त करून पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, म्हणून मी तरी चार महिन्यांच्या पेशंटला लाखभर रुपये इम्प्लांटला घालू देणार नाही. आणि गुटखा तंबाखू चोरून चालू असेल तर विषयच संपला.

मग सध्या काय? जखमा पूर्ण भरल्या असतील तर एखाद्या प्रोस्थोडॉन्टिस्टला, म्हणजे कवळीच्या स्पेशालिस्टला दाखवा. जबडा एका बाजूला ओढला जातो ना, चावताना दात दातावर येत नाहीत, त्यासाठी दातांना अडकवायची एक मार्गदर्शक पट्टी असते, ती लवकर चालू केली तर फरक पडतो, उशीर झाला की ओढ घट्ट होऊन बसते. खरं सांगायचं तर अर्ध्या जबड्यावर कडक भाकरी चावणं अवघड आहे, वडिलांना तसं स्पष्ट सांगा, पण येसराच्या आमटीत भाकरीचा काला, कण्या, मऊ सुशीला हे आताही जाईल. तिखट कमी करा, शेकाने गेलेली चव नंतर हळूहळू येते.

प्रश्न : मिस्टरांचा वरचा जबडा एका बाजूने काढलाय, टाळूला भोक आहे. हॉस्पिटलने एक प्लेट दिली होती, ती आता ढिली झाली, पाणी नाकातून येतं आणि बोललेलं लेकरांनासुद्धा समजत नाही. हे आता असंच राहणार का? (उदगीर)

नाही ताई, असंच राहायचं कारण नाही. या प्लेटला ऑब्ट्युरेटर म्हणतात. ऑपरेशननंतर दिली ती तात्पुरती होती, जखम भरताना भोकाचा आकार बदलत जातो म्हणून ती ढिली होणारच. आधी तिला आतून मऊ अस्तर लावून घट्ट करतात, ते अधूनमधून बदलावं लागतं, आणि सगळं आकसायचं थांबलं की कायमची बनवतात, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, शेक झाला असेल तर अजून थोडं थांबून. तिच्यावरच दात पण बसतात, म्हणजे वेगळी कवळी लागत नाही.

नवीन बनवताना एक बघा. टाळूच्या भोकात जाणारा जो गोळा असतो तो आतून पोकळ असावा, भरीव केला तर वजनाने प्लेट खाली येते, आणि उरलेल्या दातांवर ताण येऊन तेही हलायला लागतात. बसवल्यावर खुर्चीतून उठायच्या आधी मान सरळ ठेवून घोटभर पाणी प्यायला लावा आणि दोन वाक्यं बोलायला लावा, नाकातून आलं तर तिथल्या तिथे दुरुस्ती सांगा, घरी येऊन फोन करू नका. प्लेट काढून आठ आठ दिवस डब्यात ठेवायची नाही, परत बसणार नाही. रोज काढून धुवायची, ब्रशने, साध्या पाण्याने. गरम पाण्याने वाकते.

प्रश्न : आईला तीन आठवड्यांनी शेक चालू होणार आहे आणि दाताचे डॉक्टर मागच्या चार दाढा काढा म्हणतात. नातेवाईक म्हणतात कॅन्सरमध्ये दात काढला की पसरतो. (सेलू)

यांना आम्ही लगेच फोन करून सांगितलं, बाकीच्यांसाठी इथे देतोय. खराब दाढा काढायची हीच वेळ आहे, आणि शेकाच्या आधी खड्डा भरायला दोन तीन आठवडे हवेत, म्हणून आजच जा. दात काढल्याने कॅन्सर पसरतो हे शेजारपाजारचं ज्ञान आहे. एक मात्र खरं, गाठीतच उभा असलेला दात कॅन्सर सर्जनला विचारल्याशिवाय काढायचा नाही, म्हणजे तपासणी आधी आणि पक्कड नंतर.

प्रश्न : शेकानंतर तोंड एकदम कोरडं पडलंय, दात हिरडीजवळ काळे पडून तुटूलालेत. डॉक्टरांनी फ्लोराइडचं जेल दिलं पण आमच्याकडे बोअरच्या पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त आहे म्हणतात, मग लावायचं का नाही? आणि कवळी घेतली तर हे मिटेल का? (किनवट)

लावायचं. पाण्यातलं फ्लोराइड पोटात जातं आणि जास्त झालं की हाडांना त्रास देतं, जेल हे दातावर बाहेरून लावून थुंकायचं असतं, दोन्हीचा हिशोब वेगळा. प्यायला आरओचं पाणी घ्या आणि जेल चालूच ठेवा, रोज, कायम. लाळ नसली की दात किडायला सहा महिने पुरतात, आणि लाळ बरेचदा पूर्ण परत येत नाही.

कवळीने मिटणार नाही, उलट कवळी लाळेच्या पातळ थरावर चिकटते, कोरड्या तोंडात ती सुटते आणि हिरडी सोलवटते. शेक बसलेल्या हिरडीवरची छोटी जखमसुद्धा हाडापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे आहेत ते दात वाचवा. कवळी आलीच तर रात्री काढून पाण्यात ठेवायची, कुठे लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून घासून घ्यायची, सवय होईल म्हणून सहन करायचं नाही. घसा ओला ठेवायला लिंबाच्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या चघळतात लोक, आंबट आणि साखर दोन्ही दाताचे वैरी, त्यापेक्षा पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घोट घ्या.

प्रश्न : तोंड दीडच बोट उघडतं, कवळीचं माप घेता येत नाही म्हणून दोन ठिकाणांहून परत पाठवलं. आणि खर्चाचं काही होतं का? (अंबाजोगाई)

आधी तोंड उघडायचं बघा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या रबर बँडने बांधा, जेवढ्या दातांत मावतात तेवढ्या, मग मधे अजून एक हळूच सरकवा आणि मिनिटभर धरा, दिवसातून पाच सहा वेळा. दुखेल तितकं नाही, ताणलेलं कळेल तितकं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. उघडणं फार वाढलं नाही तरी मापाचा ट्रे दोन तुकड्यांत करून माप घेता येतं, कवळी पण दोन भागांची बनते, पण हे काम गल्लीतल्या क्लिनिकचं नाही.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे कवळीचा वेगळा विभाग आहे, फी कमी पण चकरा जास्त. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये ट्रीटमेंट झाली असेल तर त्यांचाच दातांचा आणि कृत्रिम अवयवांचा विभाग आहे, फॉलोअपच्याच दिवशी तिथली अपॉइंटमेंट मागा म्हणजे रेल्वेचा एक हेलपाटा वाचतो. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात ट्रीटमेंट झालेल्यांनी तिथे विचारावं की कवळीसाठी कुठे पाठवतात. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक होतं, पण कवळी किंवा इम्प्लांट त्यातच होईल असं धरून जाऊ नका, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा आणि उत्तर पॅकेजच्या नावासकट लिहून घ्या.

जाताना ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, शेकाच्या डोसचा कागद, जबड्याचा नवा ओपीजी एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. हाडं मजबूत करायचं इंजेक्शन कधी घेतलं असेल, झोलेड्रोनिक किंवा डेनोसुमॅब, तर ते विचारायच्या आधीच सांगा, त्यानेही जबड्याचं हाड भरायला त्रास होतो. शेकाचा कागद हरवला असेल तर जिथे शेक घेतला तिथे रजिस्ट्रेशन नंबर सांगून अर्ज करा, दुसरी प्रत मागता येते.